बोटभर मूर्ती, हातभर धीर

अनेक घरांत कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक बॉक्स असतो. कुणी वाढदिवसाला दिलेला, कुणी पहिल्या पगारातून हौसेने मागवलेला. आत बोटभर उंचीची, अतिशय बारीक कोरीव काम असलेली एक मूर्ती असते. एखादा योद्धा, एखादी राणी किंवा पंख पसरलेला ड्रॅगन. मूर्ती बिनरंगाची, राखाडी. ती रंगवायची असते, म्हणून रंगाच्या चार बाटल्या आणि दोन ब्रशही आणून ठेवलेले असतात. पण होतं असं की बॉक्स उघडला जातो, मूर्ती हातात घेऊन कौतुकाने पाहिली जाते आणि परत आत ठेवली जाते. ‘एवढी महागाची वस्तू, माझ्या हातून बिघडली तर?’

तुमच्याही घरात असा बॉक्स असेल तर तुम्ही एकटे नाही. हा छंद असणारे जगभरातले लोक आपल्याकडच्या न रंगवलेल्या मूर्तींच्या साठ्याला गमतीने ‘लाजेचा ढीग’ म्हणतात. हा ढीग आळसामुळे वाढत नाही, तो भीतीमुळे वाढतो. आणि गंमत म्हणजे ही मूर्ती रंगवण्याची पद्धतच अशी आहे की ती भीती घालवायला शिकवते. कसं, ते पाहूया.

हा छंद आला कुठून?

शिशाचे छोटे सैनिक युरोपात पूर्वीपासून खेळले जात. १८९३ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने आतून पोकळ सैनिक बनवायला सुरुवात केली. त्यामुळे धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि हे सैनिक सामान्य घरांतही पोहोचले. १९१३ मध्ये प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी अशा सैनिकांनी खेळायच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ बाजारात आला आणि मूर्ती स्वतः जोडून, स्वतः रंगवून मगच खेळायची ही पद्धत जगभर पसरली. १९८७ पासून तर फक्त रंगकामासाठी ‘गोल्डन डीमन’ नावाची स्पर्धा भरू लागली.

आज अनेक जण खेळासाठी नाही, तर केवळ संग्रहासाठी मूर्ती रंगवतात. अशा मूर्ती बहुतेक वेळा रेझिनच्या असतात आणि थोड्या मोठ्या, म्हणजे ५४ किंवा ७५ मिलिमीटर उंचीच्या असतात. ७५ मिलिमीटर म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण चोविसावा हिस्सा.

आपल्याला हे अगदी परकं वाटायचं कारण नाही. आंध्रातल्या कोंडापल्लीची लाकडी खेळणी, बंगालमध्ये कृष्णनगरजवळच्या घुर्णीच्या मातीच्या बाहुल्या, दक्षिणेत नवरात्रात पायऱ्यांवर मांडला जाणारा गोलू आणि आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे ही सगळी या छंदाची भावंडंच आहेत.

लाल चिलखतातला सामुराई

उदाहरण म्हणून माझ्या टेबलावरची मूर्ती घेऊया. ७५ मिलिमीटरचा हा जपानी सामुराई आहे ई नाओमासा. तोकुगावा इयेयासू यांचा हा सेनापती १५६१ मध्ये जन्मला. १५८२ मध्ये ताकेदा घराण्याचा पाडाव झाला, तेव्हा त्यांचे अनेक सैनिक नाओमासाकडे आले. त्यांच्यातली लाल चिलखतांची पद्धत त्याने आपल्या तुकडीलाच लागू केली. रणांगणावर नखशिखांत लाल दिसणाऱ्या या सेनापतीला ‘लाल राक्षस’ असं नाव पडलं. १६०० मधल्या सेकिगाहाराच्या लढाईत त्याला गोळी लागली आणि १६०२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे हिकोने इथल्या त्याच्या वारसदारांनी लाल चिलखत पिढ्यानपिढ्या चालू ठेवलं.

जपानमध्ये ५ मे या बालदिनी अनेक घरांत सामुराईचं छोटं शिरस्त्राण, चिलखत किंवा योद्ध्याची बाहुली मांडतात. मुलगा निरोगी आणि धीट व्हावा, ही त्यामागची इच्छा. म्हणजे योद्ध्याची लहानशी प्रतिमा घरात ठेवणं हे तिकडेही घरगुती, प्रेमाचं काम आहे.

या मूर्तीत नवशिक्याला घाबरवणारं सगळं काही आहे. शिरस्त्राणावर उंच सोनेरी शिंगं, चिलखताच्या लाल पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या दोऱ्यांच्या ओळीमागून ओळी, तलवारीच्या मुठीवरची चौकटीची वीण आणि शिरस्त्राणाच्या सावलीत लपलेला एक सेंटिमीटरचा चेहरा. आता या मूर्तीकडून काय काय शिकता येतं, ते एकेक करून पाहा.

रंगाआधीचं काम टाळू नका

रेझिनची मूर्ती साच्यातून सहज सुटावी म्हणून साच्याला तेलकट पदार्थ लावलेला असतो. तो मूर्तीवर राहिला तर रंग धरत नाही. म्हणून आधी कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन मूर्ती हलक्या हाताने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ उमटलेली असते. ती क्राफ्ट चाकूच्या बोथट बाजूने खरवडून काढा. तलवार वाकडी आली असेल तर ती गरम पाण्यात काही सेकंद बुडवा, मऊ झाली की सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. रेझिन घासताना पाण्यात भिजवून घासा आणि मास्क लावा, कारण त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना चांगली नसते.

या कामात एक संध्याकाळ जाते आणि दाखवण्यासारखं काहीच तयार होत नाही. म्हणूनच लोक ते टाळतात. पण साच्याची ती रेघ प्राइमरखाली लपत नाही, उलट जास्त उठून दिसते. घरातही असंच असतं ना? जे काम कुणाला दिसत नाही, त्याच्यावरच दिसणारं सगळं उभं असतं.

जाड एक थर नको, पातळ दोन द्या

या छंदातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच. ब्रिटिश प्रशिक्षक डंकन रोड्स यांनी ‘दोन पातळ थर’ हा सल्ला व्हिडिओंतून इतक्या वेळा दिला की पुढे त्यांच्या रंगांच्या मालिकेलाच ते नाव मिळालं.

ॲक्रेलिक रंग बाटलीतून थेट मूर्तीवर लावू नका. त्यात पाणी घालून तो दुधाइतका पातळ करा. पहिला थर दिला की मूर्ती डागाळलेली, अर्धवट दिसेल. इथेच हात शिवशिवतो, आणखी रंग थापावासा वाटतो. थापू नका. थर वाळू द्या, मग दुसरा द्या. गरज पडली तर तिसरा.

कारण साधं आहे. जाड थराने दोन दोऱ्यांमधली बारीक खाच बुजते आणि एकदा बुजलेली खाच वरून कितीही रंगवली तरी परत येत नाही. पातळ थर चुकला, तर ओल्या ब्रशने तिथल्या तिथे पुसता येतो. वाळला असेल तरी त्यावर दुसरा पातळ थर देऊन चूक झाकता येते. म्हणजे मूर्ती चुकीमुळे फारशी बिघडत नाही, ती बिघडते घाईमुळे. ‘बिघडली तर?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पातळ थर देत राहा, परत फिरायची वाट उघडी राहते.

मुलाचं अक्षर सुधारायचं असो की सासू-सुनेत पडलेला अबोला सोडवायचा असो, आपण बहुतेक वेळा एकाच बैठकीत सगळं बोलून टाकतो. तो जाड थर असतो. थोडं बोलायचं, वाळू द्यायचं, मग पुन्हा थोडं, हे जास्त टिकतं.

बारीक कामाला बारीक ब्रश लागत नाही

डोळे रंगवायचे म्हणून नवशिके दुकानातला सगळ्यात बारीक, चार केसांचा ब्रश घेतात. त्यात रंगाचा थेंबही मावत नाही आणि मूर्तीपर्यंत हात पोहोचायच्या आत टोक वाळून जातं. खरं तर १ किंवा २ नंबरचा गोल ब्रश पुरतो. फक्त त्याचं टोक सुईसारखं हवं आणि पोट भरलेलं हवं, म्हणजे रंग साठून राहतो. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांच्यासाठी विन्सर अँड न्यूटन कंपनीने १८६६ मध्ये जलरंगाचे खास ब्रश बनवले, तेव्हा राणीच्या आवडीचा नंबर होता ७, म्हणजे चांगलाच जाड ब्रश!

ब्रश घेताना एक काळजी मात्र नक्की घ्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुंगूस संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. चांगले सिंथेटिक ब्रश स्वस्तात मिळतात आणि शिकण्यासाठी ते उत्तम. सोनेरी, चंदेरी रंगांसाठी ब्रश धुवायचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर त्यातली चमकी बाकीच्या रंगांत उतरते. आणि टोक काढायला ब्रश तोंडात घालू नका, काही रंगद्रव्यं विषारी असतात.

उजेड आणि सावलीही रंगवावी लागते

खऱ्या माणसाच्या कपड्याच्या चुणीत सावली आपोआप पडते. बोटभर मूर्तीच्या चुण्या इतक्या उथळ असतात की खोलीतल्या दिव्याने तिथे पुरेशी सावली पडतच नाही. म्हणून रंगवणाऱ्याला ती रंगानेच दाखवावी लागते. उजेड कुठून येतोय हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत त्याच दिशेशी प्रामाणिक राहा. एक सोपी युक्ती आहे. मूर्तीला आधी काळा प्राइमर मारा, मग फक्त वरच्या बाजूने पांढरा. उजेड कुठे पडेल, सावली कुठे राहील, याचा नकाशाच तुमच्यासमोर तयार होतो.

नाओमासाच्या लाल चिलखतात खरी परीक्षा आहे. लाल रंग उजळ करायचा म्हणून त्यात पांढरा मिसळला, तर तो गुलाबी होतो आणि रणांगणावरचा राक्षस लग्नातल्या मांडवासारखा दिसू लागतो. लाल उजळायचा असेल तर त्यात नारिंगी किंवा त्वचेचा रंग मिसळा. सावलीसाठी काळा न वापरता गडद तपकिरी किंवा थोडा निळा घाला. प्रत्येक रंगाला उजळायची स्वतःची वाट असते, सगळ्यांना एकच पांढरा चालत नाही. दोन मुलांना एकाच पद्धतीने वाढवू पाहणाऱ्या आईबाबांना हे वेगळं सांगायला नको.

डोळे आधी की शेवटी?

पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला फार मान असतो. ते काम सराईत हातांकडेच जातं आणि बाकीचा रंग झाल्यावर केलं जातं. डोळे उघडले की मूर्ती जिवंत होते, असं आपण मानतो. मिनिएचर रंगवणारे अनेक जण मात्र उलट करतात. ते डोळे सुरुवातीलाच रंगवतात, कारण या मूर्तीचा डोळा जेमतेम दीड मिलिमीटर रुंद असतो. त्यात रंग बाहेर जाणारच. आधी डोळे केले, तर बाहेर गेलेला रंग नंतर त्वचेच्या रंगाने झाकता येतो.

बुबुळाभोवतीचा भाग शुभ्र पांढरा न करता किंचित करडा किंवा पिवळसर ठेवा, नाहीतर चेहरा दचकल्यासारखा दिसतो. बुबुळाचा ठिपका वरच्या पापणीला टेकलेला असू द्या. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली, मूर्ती औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलेली आणि श्वास सोडता सोडता ब्रश टेकवायचा. एवढं केलं की थरथरणारा हातही बराच स्थिर होतो.

मधली कुरूप अवस्था

हा धडा कुठल्याही बॉक्सवर छापलेला नसतो. प्रत्येक मूर्ती रंगवताना एक वेळ अशी येते की ती भयंकर दिसते. चेहऱ्यावर सपाट रंग, चिलखतावर डाग, दोऱ्यांच्या ओळींत सांडलेला गडद वॉश. ना राखाडी मूर्तीचा मूळ देखणेपणा उरलेला असतो, ना रंगवलेल्या मूर्तीचा रुबाब आलेला असतो. बहुतेक मूर्ती याच टप्प्यावर कायमच्या बॉक्समध्ये परत जातात. ‘मला जमत नाही’ हे वाक्यही इथेच जन्म घेतं.

पण कसलेल्या कलाकाराची मूर्तीही या टप्प्यातून जाते. फरक इतकाच की त्याला हा टप्पा ओळखीचा असतो. गडद वॉश वाळला आणि दोऱ्यांच्या कडांवर उजळ लाल रेघा येऊ लागल्या की चिलखत अक्षरशः वर उठून येतं. म्हणून नियम करा, मूर्ती वाईट दिसतेय म्हणून थांबायचं नाही. चिलखताची एक ओळ पूर्ण करायची आणि मगच मत बनवायचं.

नवी नोकरी, नवं लग्न, नव्या शहरात मांडलेलं बिऱ्हाड, सगळ्यांत हा टप्पा येतो. काम अर्धवट असताना त्याच्यावर निकाल देऊ नये, एवढं जरी या मूर्तीने शिकवलं तरी तिचे पैसे वसूल झाले.

हवामानाशी भांडू नका

तुम्ही मुंबई, गोवा किंवा कोचीला राहत असाल, तर पावसाळ्यात स्प्रेने प्राइमर किंवा वार्निश मारू नका. हवेतल्या दमटपणामुळे वर पांढुरका, खरखरीत थर धरतो. त्या महिन्यांत ब्रशने लावायचा प्राइमर वापरा. दिल्ली किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात याच्या उलट अडचण येते, पॅलेटवरचा रंग बघता बघता सुकतो. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. चपटा डबा घ्या, त्यात ओला स्पंज किंवा टिश्यू पेपर पसरा, वर बेकिंगचा बटर पेपर ठेवा आणि त्यावर रंग काढा. खालच्या ओलाव्याने रंग तासन्तास ओला राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

डोळ्यांचीही काळजी घ्या. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. रात्री दिवा भरपूर हवा आणि स्प्रे मारताना खिडकी उघडी हवी.

घरच्यांना सोबत घ्या

‘या वयात खेळणी रंगवतोस?’ हा टोमणा या छंदातल्या बहुतेकांनी ऐकलेला असतो. टोमणा मारणाऱ्याच्या हातातच एक ब्रश द्या. मूर्तीचा पाया, म्हणजे खालची माती, दगड, गवत हे कुणालाही जमण्यासारखं काम आहे. चाळलेली वाळू, सुकलेल्या मुळांचे तुकडे आणि थोडा फेव्हिकॉल एवढ्यावर ते भागतं. आजोबांना बाग आवडत असेल, तर ते काम त्यांचंच.

मुलांना मात्र महागड्या रेझिन मूर्तीपासून सुरुवात करायला लावू नका. चाकू आणि सुपर ग्लू त्यांच्या हाती देऊ नका आणि जुने शिशाचे सैनिक तर त्यांच्यापासून लांबच ठेवा. त्यापेक्षा दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेल्या मावळ्यांतले दोन-तीन बाजूला काढा, त्यांच्यावर पांढरा प्राइमर मारा आणि मुलांना नव्याने रंगवू द्या. आपण दिल्लीत असू किंवा बेंगळुरूला, किल्ला तर करतोच.

मूल रंगवत असताना एक पथ्य पाळा. रंग बाहेर गेला की ‘दे इकडे, मी करून देते’ असं म्हणत ब्रश काढून घेऊ नका. त्या एका वाक्याने मूल शिकतं की चूक म्हणजे आपल्या हातून काम काढून घेतलं जाणं. उद्या त्याच्याही कपाटात एक न उघडलेला बॉक्स तयार होतो. त्यापेक्षा विचारा, ‘वाळला का? मग आता वर दुसरा थर दे.’

कुठे थांबायचं?

भीती गेली की उलटा त्रास सुरू होतो, हात थांबत नाही. अजून एक उजळ रेघ, अजून एक सावली. हातभर अंतरावरून पाहा. चेहरा आधी दिसतोय का? चिलखत लाल आणि लखलखीत वाटतंय का? तेवढं पुरे. मागच्या पट्ट्यावरची वाकडी रेघ फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. मॅट वार्निशचा हात द्या, चिलखताच्या लाखेला किंचित चमक ठेवा आणि पायाच्या खालच्या बाजूला तारीख लिहा. पुढच्या वर्षी दुसरी मूर्ती शेजारी ठेवाल, तेव्हा ती तारीखच तुम्हाला सांगेल की हात किती सुधारला.

आज घरी गेल्यावर तो बॉक्स खाली काढा. लगेच रंगवायला हवं असं नाही. फक्त मूर्ती साबणाच्या पाण्याने धुवा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवा. पहिला थर उद्या द्या. तोही पातळच.